पार्किंगमध्ये बसायला कोण राहणार?

आमच्या सोसायटीत गाड्या चालवण्यासाठी नसतात, जागा धरून ठेवण्यासाठी असतात.

मुलुंड पूर्वेला ही तीन मजल्यांची बिनलिफ्टची इमारत ज्याने बांधली, त्याला इथे राहायला येणाऱ्यांपैकी कोणाकडे कधी गाडी येईल असं वाटलं नसावं. कंपाउंडात कशीबशी सहा गाड्यांची जागा निघते आणि गाड्या आहेत त्याच्या दुप्पट. कोणाची जागा कुठली हे कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. रिवाज एवढाच की ज्याची गाडी जिथे उभी, ती जागा त्याची. गाडी गेटबाहेर पडली की जागा सगळ्या गावाची. ज्यांना जागा मिळालेली नाही त्यांच्या गाड्या बाहेर रस्त्यावर गटाराच्या कडेला उभ्या असतात आणि त्यांचे मालक गॅलरीत उभे राहून आतल्या गाड्यांवर लक्ष ठेवून असतात.

त्यामुळे आतल्या सहा गाड्या हलत नाहीत. त्यांच्यावर आवरणं असतात, आवरणांखाली मांजरी वितात, आणि मालक रिक्षाने फिरतात. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी बायकोला ऑपरेशनसाठी रिक्षातून नेलं आणि टाके पडल्यावर रिक्षातूनच परत आणलं. कोणी त्यांना नावं ठेवली नाहीत. उलट दोन-तीन जणांनी जिन्यात थांबवून "बरोबर केलंत" म्हणून सांगितलं. त्यात मी होतो.

मला ही जागा मिळाली ती तिसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब ठाण्याला राहायला गेलं तेव्हा. त्यांचा टेम्पो निघतोय असा बायकोचा फोन आला आणि मी अंधेरीच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत आलो, रस्त्यावरची गाडी आत घातली आणि तासभर आतच बसून राहिलो. मुलगा झाला त्या दिवशीही मी अशीच अचानक रजा टाकली होती. दोन्ही दिवसांचा आनंद सारखाच होता असं म्हटलं तर बायको चिडते, म्हणून म्हणत नाही.

दर रविवारी सकाळी मी आवरण काढून गाडी सुरू करायचो. बॅटरी उतरू नये म्हणून. मुलं धावत यायची. मुलगी तेव्हा दुसरीत होती आणि मुलगा बालवाडीत. दोघं मागे बसायची, एसी लावायचा, वेफर्सची पुडी फोडायची. मी गाडी हातभर पुढे घ्यायचो आणि हातभर मागे.

"बाबा, कुठे आलो?" मुलगा विचारायचा.

"पनवेल."

"आता?"

"आता पेण."

पेणपर्यंत गेलो की मी गाडी बंद करायचो. पेट्रोल उगाच किती जाळायचं!

हे असंच चाललं असतं. पण शाळेत बाईंनी 'आमचे वाहन' या विषयावर प्रत्येकाला चार वाक्यं बोलायला सांगितली आणि माझी मुलगी दोनच बोलली. "आमची गाडी जात नाही. ती असते." पालकसभेत बाईंनी हे माझ्या बायकोला हसत हसत सांगितलं. बायको घरी आली तेव्हा हसत नव्हती.

"यंदा मे महिन्यात गाडीने जायचं," ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठेही. नाहीतर विकून टाक आणि त्या जागेत भाजी लाव."

जायचं कुठे यावर वाद झाला नाही. कणकवलीच्या पुढे आत गेलं की माझ्या वडिलांचं गाव आहे. घर चुलतभावाने नीट ठेवलंय, मागे आंब्याची झाडं आहेत आणि दीड-दोन तासांवर समुद्र. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तिथून पोरवयात मुंबईला आले. गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर घाटकोपरला एका कापडदुकानात उभे राहिले आणि गुडघे गेल्यावर आमच्या हॉलमधल्या दिवाणावर बसले. आई गेल्यापासून ते गावी गेलेले नाहीत. आधी करोनाची साथ होती, मग त्यांचा गुडघा होता, मग माझी रजा नव्हती. त्यांनी स्वतः विषय कधी काढला नाही. त्यामुळे त्यांना जायचं नसावं, असा माझ्या सोयीचा समज मी करून घेतला होता.

ठरलं म्हणताच मी कामाला लागलो. माझी नोकरीच ती आहे. लोकांच्या मालाचे ट्रक कुठून कधी सुटतील आणि कुठे कधी पोचतील याचं वेळापत्रक मी बनवतो. देशभर गाड्या पळवणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी हातभर पुढे आणि हातभर मागे जाते, हे ऑफिसात कोणाला माहीत नाही. मी लहान मुलांबरोबर लांबचा प्रवास कसा करावा याचे व्हिडिओ बघितले. त्यातल्या आया सारख्या हसत असतात आणि त्यांची मुलं गाडीत सफरचंद खातात. मी त्या व्हिडिओंतलं सगळं मागवलं. मानेच्या उश्या, काचेला चिकटवायचे हत्ती-जिराफांचे पडदे, चित्रं रंगवायला मांडीवरचं टेबल आणि ओकारीच्या पिशव्या. मुलांना आजवर वेळ दिला नाही याची टोचणी लागलेल्या बापाइतकं चांगलं गिऱ्हाईक दुसरं नसेल. रोज संध्याकाळी एक खोकं यायचं आणि बायको ते न उघडता कपाटावर टाकायची.

घाटावरून जायचं की कोकणातून, पहिला चहा कुठे, मुलाला शू कुठे, सगळं ठरलं. एकच गोष्ट ठरेना. आम्ही गेल्यावर जागेचं काय?

रिकाम्या जागेत वस्तू ठेवून उपयोग नसतो. एकदा एकाने पाण्याने भरलेला निळा ड्रम ठेवला होता. तो लग्नाहून परत आला तेव्हा ड्रम गच्चीवर होता, पाण्यासकट. तो वर कोणी नेला हे आजवर कळलेलं नाही. थोडक्यात, वस्तू उचलता येते, माणूस उचलता येत नाही. जागेत माणूस हवा. म्हातारा असेल तर उत्तमच, कारण म्हाताऱ्याशी हुज्जत घालायला लोक कचरतात.

एका रात्री जेवताना मी विषय काढला.

"अण्णा, यंदा ऊन फार आहे."

"मे महिन्यात आसताच."

"बारा-बारा तास गाडीत बसायचं. तुमचा गुडघा..."

"गुडघ्यान गाडी चालवूची नाय माका. बसूचाच आसा मां?"

"तेच म्हणतोय. बसायचंच आहे तर..." इथे मी घोटभर पाणी प्यायलो. "तर इथे बसलात तर बरं. खाली. आपल्या जागेत. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. दुपारी नुसती खुर्ची ठेवायची आणि खिडकीतून नजर ठेवायची. सावली असते तिथे."

अण्णांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"म्हणजे माझ्या गावाक तुमी जातालास," ते सावकाश म्हणाले, "आणि तुझ्या गाडयेच्या जाग्यार मी बसतलंय."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे, अण्णा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिने काहीतरी बोलावं असं मला वाटलं आणि बोलू नये असंही वाटलं. तिने अण्णांना आमटी वाढली.

"बरा," अण्णा म्हणाले आणि आवाज पुन्हा चालू केला.

मी ते होकार म्हणून घेतलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर बायको म्हणाली, "तुला लाज नाही वाटत?" मी म्हटलं, "वाटते ना." तेही खरंच होतं. मला लाज सगळ्याची वाटते, आणि वाटली की मी समजतो आपलं काम झालं.

ही योजना गुप्त ठेवायची होती. पण मुलाने दुसऱ्याच दिवशी खाली खेळताना सगळ्या इमारतीला ओरडून सांगितलं, "आमचे आजोबा पार्किंगमध्ये बसणारेत!" त्याला त्याचा फार अभिमान वाटत होता.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ जिन्यात भेटला. माझ्याच वयाचा. त्याची नवीकोरी मोठी पांढरी गाडी गटाराच्या कडेला उभी असते आणि तिच्यावर रोज कावळे बसतात.

"काय रे, गावाला चाललास म्हणे?"

"अजून नक्की नाही."

"जा ना यार. पोरांना फिरव जरा. जागेचं टेन्शन घेऊ नको, मी आहे ना!"

तो आहे, हेच तर टेन्शन होतं.

म्हणून मी रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं. ऑफिसात मोठा माल सुटण्याआधी आम्ही घेतोच. गाडी निघायची, अण्णांनी जागेत बसायचं, आम्ही हायवेवर थोडं जाऊन वळून परत यायचं. रविवारी सकाळी मी सगळं सामानही भरलं, म्हणजे डिकीत बसतं की नाही तेही कळेल. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. हातात वर्तमानपत्र, काखेत पाण्याची बाटली. मी खुर्ची कुठे ठेवायची ते खडूने आखून दाखवलं.

"गाडीचं मागचं चाक या रेघेपलीकडे गेलं की लगेच खुर्ची आत घ्यायची. मध्ये वेळ घालवायचा नाही."

"आणि कोणी गाडी आंगार घातल्यान तर?"

"नाही घालणार, अण्णा. ओळखतात तुम्हाला."

"बरा."

गॅलऱ्या भरल्या होत्या. आमची गाडी गेटबाहेर पडताना कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आरशात मला अण्णा खुर्ची आत ओढताना दिसले आणि मला, सांगायला वाईट वाटतं, हायसं वाटलं.

हायवेला लागलो. मुलगी काचेला नाक लावून बसली होती. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "आई, आपली गाडी जाते!"

तेवढ्यात मुलगा ओकला. त्याने आजवर आमच्या गाडीतून गेटपर्यंतचा प्रवासही केला नव्हता आणि मी पहिल्याच उड्डाणपुलावर वेगाची हौस फेडून घेत होतो. तो ओकला पहिल्यांदा मानेच्या उशीवर, मग चित्रांच्या टेबलावर, मग आईवर.

"पिशव्या कुठेयत?" बायको ओरडली.

"डिकीत."

"डिकीत कुठे?"

"खाली. सगळ्यात खाली."

"झकास! तुझ्या त्या ट्रकांचं कसं होत असेल, देव जाणे."

गाडी बाजूला घेतली, पाणी शोधलं, पाणीही डिकीतच होतं, सामान रस्त्याच्या कडेला उपसलं, मुलाला उघडा केला, सामान परत भरलं. वळायचा रस्ता चुकला. उलट दिशेला गाड्यांची रांग लागलेली. अर्ध्या तासाच्या तालमीची सकाळ झाली. आंबट वासात, काचा उघड्या टाकून, आम्ही परत आलो आणि गेटातून आत वळलो.

माझ्या जागेत पांढरी गाडी उभी होती.

अण्णांची खुर्ची जिन्यापाशी सावलीत होती. ते पायावर पाय टाकून कोकम सरबत पीत होते. दुसऱ्या मजल्यावरून आलं असणार, कारण तसले लांब ग्लास आमच्याकडे नाहीत.

"अण्णा! हे काय?"

"सरबत."

"ही गाडी!"

"त्येणां इचारल्यान, काका लावू काय? मी म्हटलंय, लाय."

"लाव काय म्हणता? तुम्हाला कशाला बसवलं होतं?"

"मी बसलंय थंय आज कोणतरी माका इचारूक इलो. तेवढ्यान माका बरा वाटला." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आणि जागा माझी थोडीच आसा, नाय म्हणाक?"

मग मी ओरडलो. सगळी इमारत ऐकत असताना, ओकारीच्या वासाचा शर्ट घातलेला मी, माझ्या वडिलांना म्हणालो, "एक काम दिलं होतं तुम्हाला! एक!"

समोरच्या गॅलरीतली बाई आत गेली. आमच्या इमारतीत असं काही चालू असताना कोणी आत जात नाही.

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "ता काय माका जमूक नाय," ते म्हणाले. "आता दुसरा काय काम देतंस?"

दुसऱ्या मजल्यावरचा किल्ली घेऊन धावत खाली आला. त्याचा चेहरा उतरला होता. "अरे यार, मला वाटलं काकांचं तुझ्याशी बोलणं झालंय. काढतो मी. आत्ता काढतो." तो गाडीपर्यंत गेला आणि दाराला हात लावून थांबला. "पण काढली की तू गेल्यावर काका परत खुर्चीत? ऊन बघतोयस ना? जागेसाठी मी पण मरतोय रे. पण मी माझ्या बापाला नाही बसवलं."

या वाक्याने माझे डोळे उघडायला हवे होते. पण मनात पहिला विचार आला तो असा, की याचा बाप डोंबिवलीला धाकट्याकडे असतो, हा कुठून बसवणार! हे मी लिहून ठेवतो, कारण नंतर ही गोष्ट सांगताना मी नेहमी म्हणतो की मला एकदम सगळं कळलं. तसं काही झालं नाही.

मुलगी मात्र हिशेबाची पक्की. तिने पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. "म्हणजे आता इथे कोणी बसायचं कामच नाही. मग आजोबा येऊ शकतात ना?"

"हो," बायको म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत.

सगळे माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या मजल्यावरच्याचा हात अजून दारावर होता.

"असू दे," मी त्याला म्हटलं. "लाव तूच." हा मोठेपणा नव्हता. इतक्या गॅलऱ्यांसमोर दुसरं काही म्हणायची हिंमत नव्हती. मी गाडी मागे घेतली आणि बाहेर गटाराच्या कडेला, त्याच्याच जुन्या जागी नेऊन लावली. मिनिटभरात टपावर एक कावळा येऊन बसला.

ठरल्या दिवशी आम्ही गेलो. अण्णा पुढे, बायको मागे दोन मुलांच्या मध्ये, ओकारीच्या पिशव्या तिच्या मांडीवर. मी चुकीचं वळण घ्यायला लागलो की अण्णा घसा खाकरायचे. गावी चार दिवसांचे आठ झाले. घाईने परत यायला जागा होतीच कुठे! मला मात्र रोज सकाळी जाग आली की आधी पार्किंगची जागा आठवायची. मग आठवायचं की राखायला काही उरलेलं नाही, आणि तरी मी उठून बाहेर गाडी बघून यायचो.

परत निघायच्या दिवशी सामान भरलं. पिशव्या या वेळी वर ठेवल्या. अण्णा ओट्यावर लुंगी लावून बसले होते.

"अण्णा, तुमची बॅग?"

"माझी बॅग कित्याक? मी हयच रवतंय."

"किती दिवस?"

"ता काय ठरवूक नाय."

मी लगेच सुरू झालो. गोळ्या कोण देणार, गुडघा दुखला तर डॉक्टर कुठे, जेवणाचं काय. आतून चुलतभावाची बायको म्हणाली, "आमी आसव मां, भावजी." मी म्हटलं, "तसं नाही, पण मुंबईत अण्णांचं..." आणि पुढचा शब्द सापडेना.

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. टोमणा नव्हता त्यात. मी काय सांगतो ते त्यांना खरंच ऐकायचं होतं. "काय मुंबयत माझा?" त्यांनी विचारलं.

"मी आहे की," मुलगा म्हणाला.

अण्णा मोठ्याने हसले. त्यांनी त्याला जवळ ओढून त्याच्या खिशात काजूगर कोंबले. "तू आसस तर," ते म्हणाले. "तू येत जा. बापाशीक घेवन येत जा."

मला ते काही म्हणाले नाहीत. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला, सगळ्यांच्याच पाठीवर ठेवतात तसा, आणि आत चहाचं बघायला गेले.

गाडी सुरू केली. माझ्या शेजारची सीट रिकामी होती. बायको मागेच बसली होती.

"पुढे ये ना," मी म्हटलं.

"मुलगा ओकेल," ती म्हणाली.

तो काही ओकला नाही. कणकवली आली तरी ती मागेच होती.